‘रिन्स’ म्हणजे विसळणे, तेही तीन वेळा

माहीम म्हटले की आपल्या शेतकरी मंडळींना प्रथम आठवते ते पालघरकडचे केळवे-माहीम. समुद्रकाठचे, पानवेलींच्या मळ्यांचे. पण आज ज्या माहीमचा उल्लेख करायचा आहे ते मुंबईतले, दादरच्या थोडे पुढचे. माहीम स्टेशनात उतरून पश्चिमेला गेलात तर जुनी वस्ती लागते. दर्गा, चर्च, पडका किल्ला आणि खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा. पूर्वेला उतरलात तर समोर धारावी.

धारावीच्या या माहीमकडील टोकाला भंगाराची मोठी पेठ वसली आहे. तिला ‘तेरा कंपाउंड’ म्हणतात. मुंबईतील आणि मुंबईबाहेरील प्लास्टिकचे भंगार तेथे गोणी भरभरून येते. बायका ते रंगाप्रमाणे आणि जातीप्रमाणे निवडतात. मग ते यंत्रात घालून त्याचे तुकडे करतात, पाण्याच्या हौदात धुतात, पत्र्याच्या छपरांवर वाळत घालतात आणि वितळवून त्याचा दाणा पाडतात. तेलाचे डबे, रंगाचे डबे आणि रसायनांची पिंपे धुऊन पुन्हा विकण्याचा धंदाही या भागात जुना आहे. हे धुण्याचे काम करणाऱ्यांच्या हातात मोजे असतातच असे नाही. बहुधा नसतात.

आता तुम्ही म्हणाल, की आमच्या गावचा आणि या धुणावळीचा काय संबंध? संबंध आहे. तो तुमच्या फवारणीच्या औषधाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकातील एका इंग्रजी क्रियापदाशी आहे. ते क्रियापद म्हणजे ‘रिन्स’. कित्येक पत्रकांत ते ‘ट्रिपल रिन्स’ असे येते.

शेतकरी मेळाव्यात मी हा प्रश्न नेहमी विचारतो, की ‘रिन्स’ म्हणजे काय? शाळेत जाणारी मुले हात वर करतात आणि सांगतात, ‘धुणे’. मग ‘वॉश’ म्हणजे काय? तर तेही ‘धुणे’. मुलांचे चुकत नाही, कारण छोट्या शब्दकोशांत दोन्हींपुढे एकच अर्थ दिलेला असतो. पण या दोन शब्दांत जो फरक आहे तो आपल्या घरातील बाईला न शिकता ठाऊक असतो. ती भांडी घासते आणि मग विसळते. कपडे साबण लावून आपटते, चुबकते आणि मग खळबळून पिळते. हे जे दुसरे काम आहे, म्हणजे साबण नाही, घासणे नाही, नुसते ताजे पाणी घ्यायचे, हलवायचे आणि आत जे काही राहिले असेल ते त्या पाण्याबरोबर बाहेर काढायचे, ते ‘रिन्स’. कुठे त्याला विसळणे म्हणतात, कुठे हिसळणे, कुठे खंगाळणे, कुठे खळबळणे. शब्द तुमच्या भागातला जो असेल तो घ्या. इंग्रजी शब्द फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी ‘ताजे करणे’ असा अर्थ असावा असे कोशकार मानतात. ताज्या पाण्यावर भर आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इंग्रजीत हे क्रियापद तोंडालाही लावतात. ‘तोंड रिन्स करा’ याचा अर्थ तोंड धुवा असा नव्हे, चूळ भरा असा आहे. औषधाचा थेंब तोंडात गेला तर पत्रकात हीच सूचना असते. साबण लावायचा नाही, पाणी गिळायचे नाही, तोंडात खळबळून थुंकून टाकायचे. डोळ्यांच्या बाबतीत मात्र बहुधा वेगळे क्रियापद येते, ‘फ्लश’. म्हणजे पाण्याची धार सोडत राहणे. एकदा शिपका मारून भागत नाही. पापण्या उघड्या धरून दहा-पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी सोडत राहावे लागते. पत्रक लिहिणाऱ्याने शब्द निवडून घातलेले असतात. आपण ते सगळे एका ‘धुणे’मध्ये कोंबतो.

बाटलीच्या विसळण्याकडे वळू. दूध चहात ओतून झाले की घरातील बाई काय करते? पातेल्यात घोटभर पाणी घालते, ते गरगर फिरवते आणि चहाच्या आधणात ओतते. ते पाणी ती मोरीत टाकत नाही, कारण त्यात दूध आहे आणि दुधाला पैसे पडले आहेत. तांदळाचे धुवणही आपण फुकट घालवत नाही. ते गाईच्या आंबोणात जाते, नाहीतर कढीलिंबाच्या बुंध्याशी. औषधाच्या बाटलीचे विसळणे नेमके असेच आहे. विसळलेले पाणी जमिनीवर नाही, ओढ्यात नाही, पंपात ओतायचे. ज्या पिकासाठी औषध आणले त्याच पिकावर ते जाते. पाणी टाकून दिले तर बाटली साफ झाली असेल, पण विष एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेले इतकेच.

कायद्यातही धुवणाचा वेगळा उल्लेख आहे. कीटकनाशक कायदा १९६८ सालचा आणि त्याखालील नियम १९७१ सालचे. त्यातील ४४ वा नियम रिकाम्या डब्यांबद्दल आहे. तेथे डबे, उरलेले औषध आणि ‘वॉशिंग्ज’ यांची विल्हेवाट अशा रीतीने लावा की पाणी आणि परिसर दूषित होणार नाही, असे सांगितले आहे. ‘वॉशिंग्ज’ म्हणजे आपले धुवणच. रिकामे डबे बाहेर उघड्यावर टाकू नयेत, कारण कोणीतरी ते पुन्हा वापरील. ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असेही त्याच नियमात आहे. नियम इतका जुना असूनही बांधावर, विहिरीच्या काठावर आणि ओढ्याच्या पुलाखाली बाटल्या पडलेल्या आपण सगळेच पाहतो.

आता तीन वेळा का? एकदाच भरपूर पाणी घालून हलवले तर चालणार नाही का? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. कागद-पेन्सिल घ्या.

एक लिटरची बाटली धरा. औषध पंपात ओतले, बाटली उलटी धरून झटकली, तरी तळाला आणि भिंतींना मिळून १० मिलिलिटर राहिले असे समजू. औषध दाट असेल तर जास्तही राहते. त्यात २४० मिलिलिटर पाणी घातले. सगळे मिळून २५० झाले. चांगले हलवून ओतले. पुन्हा १० मिलिलिटर आत राहणारच, पण ते आता निव्वळ औषध नाही. पंचविसात एक भाग औषध आहे, म्हणजे ०.४ मिलिलिटर. दुसऱ्यांदा तितकेच पाणी घालून विसळले की त्याचाही पंचविसावा भाग उरतो, ०.०१६. तिसऱ्यांदा ०.०००६४. म्हणजे एका मिलिलिटरचा सुमारे दीड हजारावा हिस्सा. तीन वेळा मिळून पाणी लागले ७२० मिलिलिटर.

हेच ७२० मिलिलिटर पाणी एकदम घालून एकदाच हलवले असते तर? ७३० मध्ये १० औषध. ओतल्यावर आत उरलेल्या १० मिलिलिटरमध्ये सुमारे ०.१३७ मिलिलिटर औषध राहिले असते. वरच्या आकड्याशी ताडून पाहा. दोनशे पटींहून अधिक. पाणी तेवढेच, बाटली तीच, फक्त ते तीन वेळा विभागले नाही. घरात मुलगा किंवा मुलगी सातवी-आठवीत असेल तर हे गणित त्यांच्याकडूनच करून घ्या. अपूर्णांकांचा सरावही होईल. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मार्गदर्शिकांतही तीन वेळा विसळण्याची पद्धतच सांगितली आहे. त्यामागचे इंगित हेच.

आणि ७२० मिलिलिटर पाणी म्हणजे काही वेगळे आणावे लागते असे नाही. पंधरा-सोळा लिटरच्या पंपात ते सहज मावते. मात्र त्यासाठी क्रम पाळावा लागतो. बाटली संपणार आहे तो पंप आधी अर्धाच भरावा. हातात रबरी मोजे असावेत. उरलेले औषध मोजून पंपात ओतावे आणि बाटली अर्धा मिनिट तोंड खाली करून निथळू द्यावी. लगेच बाटलीत पाव भाग स्वच्छ पाणी घालावे, झाकण घट्ट लावावे, अर्धा मिनिट जोराने हलवावे आणि जाळीतून पंपात ओतावे. पुन्हा निथळू द्यावे. असे तीनदा. मग पंप खुणेपर्यंत भरावा. झाकणाच्या आतली बाजू आणि मोजमापाचे टोपणही त्याच पाण्याने विसळावे. तेथे नेहमी औषध चिकटलेले असते. साबण मात्र वापरू नये. पंपात फेस होतो आणि त्याची गरजही नाही.

लगेच हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. संध्याकाळी घरी गेल्यावर पाहू असे म्हटले की औषध भिंतींवर वाळते आणि मग ते तीन पाण्यांनी निघत नाही. भाताची पातेली रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी काय होते ते ठाऊक आहेच.

काही जण पाण्याचा रंग पाहून ठरवतात. तेलकट औषधाचे, म्हणजे ज्यावर ‘ई.सी.’ लिहिलेले असते त्याचे, पहिले पाणी दुधासारखे पांढरे येते, दुसरे निवळीसारखे आणि तिसरे जवळजवळ नितळ. ते पाहून समाधान वाटते खरे. पण पाण्यात पूर्ण विरघळणारी औषधेही असतात, त्यांच्या पाण्याला रंग नसतो. तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका. तीन मोजा.

बाटली साफ झाली याचा अर्थ ती वापरायला मोकळी झाली असा होत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. प्लास्टिक थोडेफार औषध पिऊन घेते आणि मग ते हळूहळू सोडते. घरात जाड, चांगल्या झाकणाची बाटली टाकून देणे जिवावर येते हे मी जाणतो. रॉकेल ठेवू, बियाणे ठेवू, शेतावर पाणी नेऊ, असे वाटते. बिहारमधील सारण जिल्ह्यात धर्मासती गंडामन नावाचे गाव आहे. १६ जुलै २०१३ रोजी तेथील प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण खाऊन २३ मुले दगावली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात साठवले गेले असावे असे तपासात पुढे आले. शेतकऱ्यांच्याच घरची मुले ती. यापेक्षा अधिक काही लिहिण्याची गरज नाही.

म्हणून तिसरे पाणी पंपात गेले की बाटलीच्या बुडाला आणि अंगाला खिळ्याने किंवा टोच्याने तीन-चार भोके पाडावीत. मग ती कोणाच्या उपयोगाची राहत नाही. झाकण वेगळे करावे. शेताच्या उंच बाजूला, विहीर, ओढा आणि घर यांपासून दूर खड्डा घेऊन पुरावे. तुमच्या भागात कंपनी किंवा कृषी सेवा केंद्र रिकाम्या बाटल्या परत घेत असेल तर तेथे देणे उत्तम. चुलीत किंवा पाचटाबरोबर जाळू मात्र नये, त्या धुरात विष असते.

हे झाले नाही तर ती बाटली कुठे जाते? बांधावरून ती भंगारवाल्याच्या गोणीत जाते. भंगारवाला किलोने घेतो, त्याला लेबलाशी काम नसते. तालुक्याच्या गावाला एक गुदाम, पुढे मोठ्या शहरातले दुसरे. असे तीन-चार हात बदलत माल जिथे जिथे जातो त्यांपैकी एक ठिकाण माहीमच्या पूर्वेचे ते तेरा कंपाउंड. तोवर लेबल फाटलेले असते. लाल त्रिकोण अर्धा गेलेला. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण गोणी उपसणाऱ्या बाईला ते कोणी सांगितलेले नसते. ती झाकण उघडते, प्लास्टिक ओळखायला वास घेते आणि बाटली बाजूच्या ढिगावर टाकते. तुम्ही जे तीन वेळा विसळायचे राहिले ते ती उघड्या हाताने करते, आणि तिच्या हौदाचे पाणी पंपात जात नाही, गटारात जाते.

गटारे तेथे मिठी नदीला मिळतात. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी ही नदी सुमारे अठरा किलोमीटर वाहत येऊन माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या नदीचे नाव साऱ्या महाराष्ट्राला कळले. तोपर्यंत ती नदी आहे हेच पुष्कळ मुंबईकर विसरले होते. पुरानंतर तिच्यासाठी वेगळे प्राधिकरण नेमले गेले, आणि नदी कशाने घाण होते याच्या चर्चेत सांडपाणी व कारखान्यांबरोबर पिंपे धुणारे आणि भंगारवाले यांचीही नावे आली. त्या पिंपवाल्यांना दोष देणे सोपे आहे. पण पिंप ज्याने रिकामे केले त्याने ते विसळून दिले असते तर धुणाऱ्याच्या वाट्याला काय आले असते, हा विचार त्या चर्चेत फारसा दिसला नाही.

हिशेब सरळ ठेवायचा तर हेही सांगतो, की माहीमच्या खाडीची जी दशा झाली आहे तिच्यात शेतातल्या बाटल्यांचा वाटा फार लहान असणार. शहराच्या सांडपाण्यापुढे तो काहीच नाही. तरी सायपरमेथ्रिनसारखी औषधे पाण्यात अत्यल्प प्रमाणात असली तरी माशांना मारतात, आणि त्या खाडीच्या तोंडाशी आजही कोळ्यांची वस्ती आहे. शिवाय बाटली माहीमपर्यंत न जाता गावच्या ओढ्यातच पडली, तर तो ओढा काही खाडीएवढा मोठा नसतो. त्यात आपलीच गुरे पाणी पितात.

आता विसळणे जेथे पुरत नाही त्या जागाही पाहू. पहिली जागा पंप. कीटकनाशकाचा पंप दोन-तीन पाण्यांनी विसळून ते पाणी त्याच पिकावर फवारले तर बहुतेक वेळा भागते. पण २,४-डी या तणनाशकाचा पंप नुसत्या विसळण्याला दाद देत नाही. त्याचा अंश टाकीला, नळीला, नोझलला चिकटून राहतो. ऊस किंवा ज्वारीत वापरलेला तो पंप पुढे कपाशीवर नेला, की चार-सहा दिवसांत कपाशीची पाने अरुंद होऊन बोटांसारखी फाकतात आणि शेतकरी ‘नवा रोग आला’ म्हणून पान घेऊन आमच्याकडे येतो. टोमॅटो आणि द्राक्षवेलही या औषधाला फार हळव्या. येथे ‘रिन्स’ नव्हे, ‘वॉश’ हवे. धुण्याच्या सोड्याचे पाणी पंपात भरून ठेवायचे, नळीतून सोडायचे, आणि मग भरपूर पाण्याने विसळायचे. सर्वांत बरे म्हणजे तणनाशकाला पंपच वेगळा ठेवावा आणि त्याच्यावर तांबड्या रंगाने तसे लिहावे.

दुसरी जागा आपले अंग. फवारणी करून आल्यावर नुसते हातपाय खळबळून जेवायला बसणारे पुष्कळ आहेत. तेलकट औषध पाण्याने निघत नाही, साबण लागतो. हात, तोंड, मान आणि शक्य तर सगळे अंग साबणाने धुवावे, मगच पाण्याच्या तांब्याला हात लावावा. तंबाखूलाही.

तिसरी जागा फवारणीचे कपडे, आणि येथे क्रम उलटा होतो. रोजच्या धुण्यात आधी साबण आणि मग खळबळणे. या कपड्यांना आधी साध्या पाण्यात खळबळून काढावे लागते, म्हणजे वरचे औषध निघून जाते, आणि मग गरम पाणी व साबण. त्यानंतर पुन्हा दोन पाणी. हे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर, लुगड्यांबरोबर एका बादलीत टाकू नयेत. धुणे बहुधा घरातील बाईच्या वाट्याला येते आणि हे कपडे कसले आहेत हे तिला कोणी सांगत नाही, म्हणून ज्याने फवारणी केली त्याने ते स्वतः वेगळे काढून ठेवावेत. धुणाऱ्याने मोजे घालावेत. पहिले पाणी गुरांच्या हौदापासून आणि विहिरीच्या काठापासून दूर, रिकाम्या जमिनीत ओतावे. बादलीही मग विसळून ठेवावी, आणि ती या कामालाच राखून ठेवता आली तर फारच चांगले.